न्हाणीचं पाणी

नरपडच्या अंबूबाईंना कशाची किळस येत नाही हे सांगणं सोपं आहे. चिकूच्या चिकाची येत नाही. बाकी सगळ्याची येते. एसटीच्या सीटची येते, हॉटेलातल्या पेल्याची येते, बोटाला थुंकी लावून नोटा देणाऱ्या वाण्याची तर इतकी येते की त्याच्या नोटा त्या घरी आणून उन्हात टाकतात. वाणगावहून लग्न होऊन नरपडला आल्याला चाळीस वर्षं उलटली, पण किनाऱ्याकडून वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला की आजही पदर नाकाला जातो. सून सोनल म्हणते, घरात आई कुठे आहेत ते शोधावं लागत नाही, 'शी' कुठून आला तेवढं ऐकायचं. गावातल्या बायका पाठीमागे हसतात, पण अंबूबाई हळदीकुंकवाला येणार म्हटलं की आदल्या दिवशी घर घासून काढतात.

त्यांची मुळातली किळस मात्र एकच, न्हाणीच्या पाण्याची. अंगावरून उतरलेलं पाणी त्यांच्या लेखी विष. आख्ख्या नरपडात मोरीच्या पाण्यावर केळी आणि अळू फोफावतात. अंबूबाईंच्या घरी ते पाणी दगडी चरातून थेट रस्त्याकडेच्या गटारात जायचं, वाडीतल्या एकाही झाडाच्या मुळाला शिवायचं नाही. ही त्यांच्या सासूची, बायजींची शिस्त. बायजी जाऊन बरीच वर्षं झाली, चर तसाच राहिला. दुसऱ्याच्या घरची अळूवडीही अंबूबाईंनी उभ्या जन्मात तोंडात घातली नाही.

वाडी म्हणजे घरामागची चिकूची जुनी झाडं. एके काळी त्या फळावर घर चालायचं. उतरवलेला चिकू पाण्यात चोळून सालीवरची भुकटी काढायची, मग वाळवायचा, मग करंड्या भरायच्या. हे काम अंबूबाईंनी कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. पुढे आजूबाजूला पंप वाढले, जमिनीतलं गोडं पाणी उपसलं गेलं आणि त्याच्या जागी समुद्र आत आला. विहीर मचूळ झाली. पानांच्या कडा करपल्या, फळ सुपारीएवढं राहायला लागलं, आणि २०१६च्या जानेवारीत विहिरीकडची तीन झाडं उभीच्या उभी वाळली.

मुलगा ओंकार डहाणूत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत असे. त्याने सरळ उपाय काढला. घरात गोडं पाणी एकच, नळाचं, आणि ते न्हाणीतून गटारात जातं. चर फोडायचा आणि पाणी झाडांकडे वळवायचं.

"त्यापेक्षा झाडं तोड," अंबूबाई म्हणाल्या.

"आई, अशीही मरतायत ती."

"मरू देत, मानाने मरतील. आपलं पहिलं फळ चैत्रात महालक्ष्मीला जातं. आपल्या काखेतलं पाणी पिऊन वाढलेलं फळ देवीपुढे ठेवायचं? शी."

"मग मे महिन्यात तोडू," ओंकार म्हणाला. "जागेला गिऱ्हाईक आहे. त्याला पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्यात."

खोल्या म्हटल्यावर अंबूबाईंच्या डोळ्यांसमोर परक्या माणसांचे टॉवेल वाळायला लागले. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. झाडं जावीत असं त्यांना वाटत नव्हतं, ती घाण पाण्यावर जगावीत असंही वाटत नव्हतं, आणि तिसरी वाट दिसत नव्हती.

ती ओंकारने दाखवली. तलासरीकडे एका संस्थेने कमी पाण्यावर जगणाऱ्या झाडांची बाग केली आहे, लोकांना बघायला खुली आहे. बघून येऊ, एखादं झाड पसंत पडलं तर चिकूच्या जागी ते लावू. नाही पडलं तर मग खोल्या. अंबूबाई तयार झाल्या, पण अट घातली की येताना वाटेत महालक्ष्मीला थांबायचं. त्यामुळे सोनल घरीच राहिली. ती त्या दिवशी बाहेर होती, आणि बाहेर असलेल्या बाईने देवळाची पायरी तर सोडाच, वाडीतल्या झाडालाही हात लावायचा नाही, हाही बायजींचाच नियम होता. अंबूबाईंनी तो सुनेला पहिल्याच महिन्यात समजावून दिला होता.

फेब्रुवारीतली सकाळ होती. चारोटीला हायवे लागेपर्यंत अंबूबाईंनी ओंकारच्या व्हॅनमधल्या वासाला, पुढच्या ट्रकच्या धुराला आणि खिडकीबाहेर पिचकारी टाकणाऱ्या क्लीनरला एकेक 'शी' वाहिला. बागेच्या दारात पोचल्या तेव्हा ताजा साठा शिल्लक होता, आणि बागेने तो वाया जाऊ दिला नाही.

दारातच सिमेंटचा बेडूक तोंड वासून बसलेला. त्याच्या तोंडात कचरा टाकावा अशी अपेक्षा होती, आणि लोकांनी त्यात काय काय टाकलं होतं ते अंबूबाईंनी एका नजरेत पाहिलं आणि मान फिरवली. पुढे निळ्या-पिवळ्या रंगात बुडवलेले टायर, त्यांत कोरफड. एका पानाचं टोक कुणीतरी मोडलं होतं आणि त्यातून बुळबुळीत गर लोंबत होता.

"हे लोक तोंडाला फासतात," ओंकार म्हणाला.

"फासोत. शेंबूड दिसतो."

मग निवडुंग. गोल, उभे, चपटे, एकावर एक चढलेले. एकावर पांढरे केस होते. म्हाताऱ्याच्या कानात असतात तसे. अंबूबाई त्याच्यापासून चार हात लांबून गेल्या. ड्रॅगन फ्रूटचे वेल सिमेंटच्या खांबांवरून हिरव्या सापांसारखे खाली सुटले होते. ओंकार म्हणाला, याला सध्या फार मागणी आहे. अंबूबाई म्हणाल्या की मागणी असो, पण सकाळी मागचं दार उघडलं की हे तोंड बघायला मी जन्माला आले नाही. घायपातीच्या पानांवर प्रेमिकांनी आपापली नावं कोरली होती. त्या खरवडलेल्या, पिकलेल्या अक्षरांची त्यांना इतकी शिसारी आली की घायपात बिचारी त्यांना जखमी बाईसारखी वाटली. बोर, आवळा, शेवगा, करवंद इथे त्यांचा चेहरा जरा निवळला. पण चिकूच्या जागी शेवगा, ही कल्पना त्यांच्या घशाखाली उतरेना.

"एकही नको," त्या म्हणाल्या. "सगळी झाडं रुसल्यासारखी उभी आहेत. सावली नाही, की खाली बसावंसं वाटत नाही. चल घरी."

"शेवटचा कोपरा राहिलाय," ओंकार म्हणाला.

कोपऱ्यात कर्दळीचा दाट वाफा होता आणि त्याच्या पलीकडे चिकूचं झाड. अंबूबाई थबकल्या. काळीपत्ती जात, पान काळपट हिरवं, तेलाचा हात फिरवल्यासारखं, कडेला कुठे करप नाही. बुंध्याशी वाळल्या पानांचा जाड थर, आणि फांदीफांदीला मुठीएवढी फळं. समुद्रापासून इतक्या लांब, मुरमाड टेकाडावर, आपल्या वाडीत सात वर्षांत दिसलं नव्हतं तसं झाड बघून त्यांना आधी आनंद झाला आणि मग सरळ मत्सर वाटला. झाडाशेजारी पाटी होती. ओंकार पाटीला पाठ टेकून उभा राहिला आणि आई निघेपर्यंत तिथून हलला नाही.

बागेत कामाला असलेली, बारकी नावाची एक जण खाली पानं सारखी करत होती. पन्नाशीची, कोरडी, मोजकं बोलणारी बाई. तिने पेंढ्यात पिकत घातलेल्या चिकूंतून एक काढून पुढे केला. दुसऱ्याच्या हातचं काही खायचं म्हणजे अंबूबाईंना चार सबबी लागत. त्या दिवशी त्यांनी एकही सांगितली नाही. पदराला पुसून, दोन भाग करून अर्धा तोंडात टाकला. गर रवाळ, गोड, आणि शेवटी तो जरासा गुळासारखा वास, जो मचूळ पाण्याने त्यांच्या फळातून केव्हाच पळवला होता. उरलेला अर्धा त्यांनी ओंकारला दिला नाही.

"हा चालेल," त्या म्हणाल्या. "असा चिकू कमी पाण्यावर होत असेल तर आपली झाडं तोडायची नाहीत. बारके, आणखी एक दे. देवीला नेते."

ओंकारचा चेहरा उतरला. "आई, चैत्रात आपल्याच वाडीतला नेऊ की."

"आपल्या वाडीत यंदा देवीसमोर धरण्यासारखं काय आहे?"

बारकीला बहिणीकडे विवळवेढ्याला जायचं होतं, महालक्ष्मीच्या देवळापाशीच. अंबूबाईंनी तिला आपण होऊन व्हॅनमध्ये घेतलं, शेजारी बसवलं, आणि तिच्या अंगाला कसला वास येतो याची चौकशी मनातल्या मनातही केली नाही. चिकू त्यांनी रुमालात गुंडाळून मांडीवर धरला होता.

देवळात गर्दी नव्हती. पुजाऱ्याने चिकू घेतला, देवीच्या पायाशी ठेवला, कपाळी कुंकू लावलं. कित्येक दिवसांनी अंबूबाईंना हलकं वाटलं. पायऱ्या उतरून चपला घालताना त्या बारकीला म्हणाल्या, "तुझ्या हाताला गुण आहे गं. काय घालतेस त्या झाडाला?"

"काय नाय घालत. पानं नि पाणी."

"पाणी तरी कुठलं? तिकडे उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसतो म्हणतात."

"विहिरीचा नाय. पाठी दोनशे पोरींचं वसतिगृह हाय ना, त्यांच्या न्हाणीचं. आधी खडीतून जातं, मग कर्दळीतून, मग चिकूला," बारकी म्हणाली. "पाटीवर लिवलंय. वाचलं नाय?"

अंबूबाईंनी ओंकारकडे पाहिलं. ओंकार खाली वाकून चपला शोधायला लागला. त्या त्याच्या पायात होत्या.

पुढचं वर्णन फार करण्यात अर्थ नाही. देवळाच्या कुंपणाला धरून अंबूबाईंनी पोटातलं सगळं बाहेर काढलं, आणि काढण्यासारखं उरलं नाही तरी उमासे येत राहिले. दोनशे पोरींच्या घामाचं, मळाचं, साबणाचं पाणी आपण चवीने मिटक्या मारत खाल्लं. आणि नुसतं खाल्लं असतं तरी एक वेळ चाललं असतं. बारकीने आणून दिलेल्या पाण्याने चूळ भरल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला तो इतक्या हळू विचारला की तो बारकीने दुसऱ्यांदा विचारायला लावला.

"चार दिवसांच्या वेळी... तेव्हा तरी त्यांचं पाणी वेगळं सोडता ना?"

"वेगळं कसा सोडणार? एवढ्या पोरी, रोज कोण ना कोण असतेच. सगळ्या न्हातात, सगळं पाणी झाडाला जातं." बारकीने पिशवी खांद्याला लावली. "झाडाला काय व्हतंय? तुम्ही बघितलं नाय झाड?"

आणि ती बहिणीच्या घराकडे निघून गेली. अंबूबाई तिथेच पायरीवर बसल्या. झाड त्यांनी बघितलं होतं.

आणखी एक झाड त्यांनी बघितलं होतं, चाळीस वर्षांपूर्वी. लग्नाच्या पहिल्याच पावसाळ्यात सासऱ्यांनी घोलवडहून चिकूचं कलम आणलं. बैलगाडीतून उतरवताना ते सासऱ्यांच्याच हातून सुटलं आणि मुळाभोवतीचा मातीचा गोळा फुटला. सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मुळाला गोणपाट गुंडाळलं आणि न्हाणीमागच्या खड्ड्यात कलम लावून टाकलं. पडवीतून अंबू बघत होती. कलम वाळायचं ते वाळलंच. अंबू त्या आठवड्यात नेमकी बाहेर होती, आणि बायजींनी तिथल्या तिथे निकाल दिला की हिच्या न्हाणीचं पाणी लागलं म्हणून कलम जळलं. सासरे समोर बसून सुपारी कातरत होते. ते कातरतच राहिले. तीन महिन्यांची नवरी काय बोलणार? गवंडी बोलावून दगडी चर बांधला गेला, आणि पुढे कित्येक वर्षं आल्यागेल्याला तो रिकामा खड्डा दाखवून बायजी नाकाला पदर लावत आणि म्हणत, "शी." अंबूने तो शब्द त्या घरात पहिल्यांदा ऐकला तो स्वतःसाठी. आपल्याला घाण म्हणून घेण्यापेक्षा आपणच जगाला घाण म्हणत सुटलेलं बरं, हे तिला त्याच वर्षी कळलं असावं. कारण नंतर तिला कुणी 'शी' म्हटलं नाही. ती संधीच तिने कुणाला ठेवली नाही.

"आई, चुकलो मी," ओंकार म्हणाला. "महिन्यापूर्वी जाऊन झाड बघून आलो होतो. तुला एकदा चव कळावी म्हणून आणलं. देवीचं डोक्यातच आलं नाही."

अंबूबाई उठल्या. चिकू परत घ्यायचा, देवीची माफी मागायची, बाकीचं पुढे बघू, असं ठरवून त्या पुन्हा पायऱ्या चढल्या. देवीच्या पायाशी चिकू नव्हता. एक नवं जोडपं दर्शनाला आलं होतं, आणि पुजाऱ्याने प्रसाद म्हणून तो नवरीच्या ओटीत घातला होता. नवरी खांबाशी बसून तो खात होती. हातावरची मेंदी ताजी, हनुवटीवर रस ओघळलेला, शेजारी नवरा वाट बघत उभा. सकाळपासून उपाशी असणार, नव्या नवरीला त्या गडबडीत कुणी खायला विचारत नाही. अंबूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या तशी ती ओशाळली.

"मावशी, तुम्ही ठेवलेला काय हो हा?" तिने तोंड पुसलं. "फार गोड आहे. कुठल्या वाडीतला?"

सांगण्यासारखं बरंच होतं. टाकून दे म्हणता आलं असतं. नरपडचा म्हणून खोटंही बोलता आलं असतं. अंबूबाईंनी देवीकडे पाहिलं. देवी जशी होती तशीच होती, तिने काही नाक मुरडलं नव्हतं.

"तलासरीकडचा आहे," त्या म्हणाल्या. "पोरींनी पाणी घातलंय त्याला. खा तू. बी तेवढी टाक."

परतताना हायवेवर एक ट्रक धूळ उडवून गेला, त्यालाही त्यांनी 'शी' म्हटलं नाही, तेव्हा ओंकार खरा घाबरला. मळमळत त्यांना अजूनही होतं. पण आता ते दोनशे पोरींच्या पाण्याने की सुपारी कातरणाऱ्या एका माणसाच्या आठवणीने, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, सोनल लग्न होऊन आली तेव्हा तिला पहिल्याच महिन्यात आपण काय ऐकवलं होतं ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. शब्द बायजींचेच होते, एकही बदलला नव्हता. स्वतःची किळस त्यांना अशी पहिल्यांदाच आली.

सोनल मागच्या पडवीत चटईवर एकटी बसली होती, नियमाप्रमाणे. सासूला बघून ती अंग चोरून बाजूला झाली. अंबूबाई तिच्या शेजारून पुढे गेल्या, कोपऱ्यातली पहार उचलली आणि न्हाणीमागे जाऊन चराच्या दगडात घातली. पहिल्या घावाला काही झालं नाही. ओंकार धावत आला.

"दे, मी फोडतो."

"तू लांब हो," त्या म्हणाल्या. "हे माझ्यासाठी बांधलंय."

दगड जुना होता, चुना भुसभुशीत झाला होता. पाच-सहा घावांत कड निखळली. मग त्यांनी खुरप्याने मातीत वाट काढली, जुन्या रिकाम्या खड्ड्यातून सरळ जवळच्या करपलेल्या चिकूच्या आळ्यापर्यंत. साडीला चिखल लागला, नखांत गेला. सोनल पडवीच्या कडेला उभी राहून बघत होती, पुढे यावं की नाही ते तिला कळत नव्हतं.

"सोनल, आंघोळ झाली का गं?"

"सकाळीच केली ना, आई. पण तुम्ही सांगितलं तसं चरातच..."

"परत कर."

"आता? पण आई, मी तर बाहेर..."

"माहीत आहे. म्हणूनच कर. मी इथे उभी आहे."

सोनल आत गेली. जरा वेळाने मोरीच्या तोंडातून पाणी आलं, गढूळ, वर साबणाचा फेस आणि एक लांब केस. अंबूबाईंच्या तोंडून 'शी' निघालाच, चाळीस वर्षांची सवय. त्यांनी तो केस काडीने उचलून बाजूला टाकला, फेस खुरप्याने सारला आणि पाण्याला वाट करून दिली. पाणी खड्ड्यात उतरलं आणि तिथेच मुरायला लागलं. इतक्या वर्षांची तहानलेली माती, ती पुढे काही जाऊ देईना.

"आई, पुरे का?" आतून सोनलने विचारलं.

अंबूबाईंनी वाकून पाहिलं.

"झाडापर्यंत पोचलं नाही अजून," त्या म्हणाल्या. "आणखी एक बादली घे."